स्वमग्न मुलांचे थेरपिस्ट : त्यांचे काम आणि त्यांची नोकरी

ठाण्याच्या नौपाड्यातून, कल्याणच्या खडकपाड्यातून किंवा डोंबिवलीच्या मानपाडा रोडवरून इमारतींवरच्या पाट्या वाचीत चालत गेलात, तर दंतवैद्य, शिकवण्या, चार्टर्ड अकाउंटंट ह्यांच्या रांगेत आणखी एका धंद्याची पाटी अलीकडे हटकून दिसते. तिच्यावर एखादा फुगा किंवा इंद्रधनुष्य काढलेले असते आणि ‘चाइल्ड डेव्हलपमेंट सेंटर’ असे काहीतरी लिहिलेले असते. आत गेल्यावर पाहावे तो सदनिकाच. पण हॉलच्या छताला हूक ठोकून झोपाळा टांगलेला, जमिनीवर निळ्या-तांबड्या गाद्या, बेडरूमची झालेली ‘स्पीच रूम’, आणि स्वयंपाकघराच्या ओट्यावर फायलींचा ढीग. दाराशी चपलांच्या गर्दीत बसलेल्या आया, क्वचित एखादे आजोबा. ह्या जागेत येणाऱ्या मुलांविषयी आताशा बोलले जाते, लिहिले जाते, आणि ते योग्यच आहे. परंतु त्या गादीवर मुलासमोर बसलेली जी पंचवीस-सव्वीस वर्षांची मुलगी असते, तिच्याविषयी कोणी फारसे बोलत नाही. आज तिच्याविषयी बोलावयाचे आहे.

आधी मुलाविषयी दोन शब्द सांगितले पाहिजेत, नाही तर तिचे काम कळणार नाही. इंग्रजीत ज्याला ऑटिझम म्हणतात त्याला मराठीत आपण स्वमग्नता म्हणतो. अमेरिकेतील बाल्टिमोर येथे लिओ कॅनर ह्या डॉक्टरांनी १९४३ साली अकरा मुलांचे वर्णन प्रसिद्ध केले, आणि पुढच्याच वर्षी व्हिएन्ना येथे हान्स आस्पर्गर ह्यांनी असाच अनुभव स्वतंत्रपणे लिहिला. मूल नजर देत नाही, हाक मारली तरी वळत नाही, बोलणे उशिरा येते किंवा आलेले जाते, गाड्यांची चाकेच फिरवीत बसते, कुकरच्या शिट्टीने कानांवर हात ठेवते, रोजचा रस्ता बदलला की आकांत करते. सर्वच मुलांत सर्वच लक्षणे नसतात. कोणी एक शब्द बोलत नाही, तर कोणी लोकलचे सारे वेळापत्रक पाठ म्हणून दाखवितो. मध्यंतरी काही वर्षे ‘आईच्या मायेच्या अभावी मूल असे होते’ असा एक अघोरी सिद्धांत पंडितांनी चालविला होता. तो साफ खोटा ठरला आहे. मेंदूची घडणच जन्मापासून निराळी असते. ती बदलणारी गोळी नाही. मुलाला बोलावयास, खेळावयास, जेवावयास, कपडे घालावयास शिकविणे, आणि त्याच्या भोवतालच्या माणसांना त्याची रीत समजावून देणे, हाच उपाय. म्हणजे औषधाच्या जागी येथे माणूस आहे. औषध कपाटात ठेवता येते. माणसाला भूक लागते, पाठ दुखते, लग्न होते, आणि महिनाअखेर भाडे भरावे लागते.

अशी माणसे किती लागतील? जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ सालासाठी जो अंदाज दिला आहे, त्याप्रमाणे जगात सुमारे १२७ माणसांमागे एक स्वमग्न असतो. २०११ च्या जनगणनेत ठाणे शहराची वस्ती सुमारे १८ लाख ४० हजार आणि कल्याण-डोंबिवलीची सुमारे १२ लाख ४७ हजार होती. नुसत्या त्या जुन्या आकड्यांवर हा हिशेब बसविला, तरी ह्या दोन महापालिकांत लहानथोर मिळून चोवीस हजारांवर स्वमग्न व्यक्ती होतात. तेव्हापासून घोडबंदर रोडला आणि शीळ रस्त्याला किती इमारती उठल्या हे आपण रोज पाहतोच.

ह्या मुलांबरोबर मुख्यतः तीन प्रकारचे लोक काम करतात. पहिले व्यवसायोपचारक, ज्यांना सगळे ‘ओटी’ म्हणतात. ह्या शब्दातल्या ‘व्यवसाया’चा पोटापाण्याच्या धंद्याशी संबंध नाही. लहान मुलाचा व्यवसाय म्हणजे खेळणे, दात घासणे, चमच्याने खाणे, बुटाची नाडी बांधणे. ह्या विद्येचे आपल्याकडचे मूळ मुंबईतच आहे. एलिझाबेथ लंडी ह्या अमेरिकन बाई विवाहानंतर कमला निंबकर झाल्या आणि त्यांनी १९५० साली परळच्या के. ई. एम. रुग्णालयात व्यवसायोपचाराचे विद्यालय काढले. आशियातील ते पहिले. दुसरे वाचोपचारक, म्हणजे ‘स्पीच’वाले, त्यांचा शिक्षणक्रम मुंबईत नायर रुग्णालयाच्या महाविद्यालयात १९६६ पासून आहे. आणि तिसऱ्या विशेष शिक्षिका. ह्यांपैकी ओटी आणि स्पीच ह्यांना बारावीनंतर चार-साडेचार वर्षे शिकावे लागते, रुग्णालयात उमेदवारी करावी लागते, नोंदणी घ्यावी लागते. म्हणजे गादीवर बसलेली ती मुलगी मुले सांभाळणारी बाई नव्हे, हे आपण ध्यानात घ्यावे. पुष्कळ पालक ते घेत नाहीत. ‘तुम्ही नुसते खेळताच की हो मॅडम,’ असे त्यांना ऐकावे लागते.

तर हे नुसते खेळणे कसे असते ते पाहू. सत्र पंचेचाळीस मिनिटांचे. पाच वर्षांचा एक मुलगा येतो. तो बोलत नाही. आल्या आल्या दिवा लावणे-बंद करणे सुरू. त्याला ओढून बसविले तर पुढची वीस मिनिटे रडण्यात जाणार हे थेरपिस्टला ठाऊक असते. म्हणून ती त्याच्याबरोबर दिव्याजवळ जाते, तोही खेळ करते. तो बंद करतो तेव्हा ती ‘बंद’ म्हणते, लावतो तेव्हा ‘चालू’. पाचसहा वेळा झाल्यावर ती स्वतः बटणावर हात ठेवते आणि थांबते. तो तिच्याकडे पाहतो, अर्धा सेकंद. त्या अर्ध्या सेकंदासाठी तिने सकाळपासून वाट पाहिलेली असते. मग झोपाळा. झोका द्यावयाचा, थांबावयाचे, तो काही खूण करील म्हणून वाट पाहावयाची, हात उचलला की पुन्हा झोका. कॅलिफोर्नियाच्या जीन आयर्स ह्या ओटी बाईंनी १९७२ च्या आपल्या पुस्तकात इंद्रियांकडून येणाऱ्या संवेदना मेंदू कशा जुळवितो ह्याचा सिद्धांत मांडला. हे झोपाळे, चेंडू, खरखरीत ब्रश त्या घराण्यातले. मुलगा मध्येच बिथरतो. शेजारच्या घरात मिक्सर सुरू झालेला असतो. तो स्वतःचे डोके जमिनीवर आपटू लागतो. ती आपला तळहात डोक्याखाली सारते. तो तिचे केस धरतो. केस ओढून सोडवायचे नसतात. त्याची मूठ आपल्या डोक्याशी दाबून धरावयाची आणि हळूहळू बोटे उलगडावयाची असतात. हे सगळे आवाज न चढविता आणि चेहरा न बदलता. सत्र संपते, आई आत येते, ‘आज काय केले?’ म्हणून विचारते. पाच मिनिटांत तिला सांगून होत नाही तोच पुढचे मूल दारात उभे.

असे दिवसाला सहा, सात, कधी आठ. दोन सत्रांच्या मध्ये पाणी पिण्यापुरताही वेळ नाही. टिपणे लिहिणे, पालकांसाठी घरी करावयाचा कार्यक्रम काढणे, शाळेसाठी अहवाल तयार करणे, हे सारे रात्री घरी. त्याचे पैसे कोणी देत नाही, कारण ती गोष्ट ‘सत्रा’त मोजली जात नाही. आठ तास जमिनीवर उठबस करून गुडघे आणि कंबर तिशीच्या आतच बोलू लागतात. वीस-पंचवीस किलोच्या मुलाला झोपाळ्यावर उचलून ठेवणे हे काही कमी वजन नव्हे. चावे बसतात, ओरखडे उठतात. ह्या मुलींना केस बारीक बांधण्याची, कानात डूल न घालण्याची, दुपट्टा घरी ठेवण्याची सवय लागते. चाव्याने कातडे फाटले तर धनुर्वाताचे इंजेक्शन आणि कावीळ-बीची लस ह्यांचा विचार करावा लागतो. तो खर्च बहुधा स्वतःचा. मी हे तक्रार म्हणून सांगत नाही आणि त्यादेखील तक्रार म्हणून सांगत नाहीत. मुलाने चावले ह्याचा राग आलेली थेरपिस्ट मला भेटलेली नाही. चावले त्या दिवशी शेजारच्या खोलीत मदतीला कोणीच नव्हते, ह्याचा राग आलेल्या पुष्कळ भेटल्या.

वेळेचे गणितही विचित्र आहे. शाळेत न जाणारी लहान मुले सकाळी येतात, शाळेत जाणारी संध्याकाळी चार ते आठ. मधली दुपार रिकामी, पण घरी जाण्याइतकी मोठी नाही. म्हणून पुष्कळजणी दुपारी एखाद्याच्या घरी जाऊन सत्र घेतात. सकाळी डोंबिवली, दुपारी कळव्याला एक घर, संध्याकाळी ठाणे. आणि रात्री साडेआठची कल्याण लोकल, जिच्यात मुंब्र्यापर्यंत पाय टेकायला जागा मिळाली तर नशीब. अनोळख्या घरात एकट्या मुलीने जाणे ह्यातली जोखीम वेगळी सांगावयास नको. आई किंवा आजी घरात हजर असलीच पाहिजे, अशी अट घालणाऱ्या मुली आहेत. ती अट रास्त आहे आणि पालकांनी तिचा राग मानू नये.

आता पैशाकडे येऊ. आकडे जागोजागी निराळे आहेत, म्हणून केवळ समजुतीसाठी एक हिशेब मांडतो. समजा, सत्राचे शुल्क ८०० रुपये आहे आणि निम्मे थेरपिस्टला, निम्मे केंद्राला असा करार आहे. रोज सहा मुले, महिन्याचे चोवीस दिवस, म्हणजे ५७,६०० रुपये. कागदावर बरे दिसते. पण सहांतले एक मूल तापाने येत नाही, दुसऱ्याकडे पाहुणे आले. सत्र झाले नाही तर पैसे नाहीत. रोज दोन मुले चुकली की ३८,४०० राहिले. मे महिन्यात मुले गावाला जातात, जुलैत रुळांवर पाणी येते, गणपतीत आणि दिवाळीत केंद्र बंद. तीन मुलांवर आले की २८,८००. ह्यातून दहा टक्के कर आधीच कापून हातात येतो, कारण कागदोपत्री ती नोकर नसून ‘कन्सल्टंट’, म्हणजे सल्लागार असते. तो कर पुढे विवरणपत्र भरून परत मागता येतो, पण ते कोणी सांगितलेले नसते. आजारपणाची रजा नाही, भविष्यनिर्वाह निधी नाही. स्वतःला ताप आला तरी सहा मुलांची सहा सत्रे बुडतात आणि वर सहा आयांचे फोन येतात.

केंद्र चालविणाऱ्याची बाजूही सांगितली पाहिजे, कारण तो बहुधा कोणी गिरणीमालक नसतो. पुष्कळदा काल-परवापर्यंत दुसऱ्याच्या केंद्रात काम करणारी थेरपिस्टच असते. स्टेशनपासून चालत जाता येईल अशी तळमजल्याची किंवा लिफ्टची जागा, तिचे भाडे, लाखांची अनामत, गाद्या-झोपाळे, स्वागतिकेचा पगार, ही तिची रोजची विवंचना. त्यात सोसायटीची नोटीस येते की मुले फार ओरडतात, जागा खाली करा. शुल्क वाढवावे तर पालकांची ताकद नाही. बहुतेक आरोग्यविमे रुग्णालयात दाखल न होता घ्यावयाच्या अशा उपचारांचा खर्च देत नाहीत. राष्ट्रीय न्यासाची ‘निरामय’ योजना आहे. तिच्यात वर्षाला एक लाख रुपयांपर्यंतचे संरक्षण मिळते, पण त्यातला थेरपीसाठीचा भाग लहान आहे. आठवड्याला तीन सत्रे घेणाऱ्या घराला तो दोनतीन महिनेही पुरत नाही. तेव्हा पैसा जेथून यावयाचा ते भांडेच लहान आहे. हे मान्य. परंतु भांडे लहान असले तर त्याची झळ सगळ्यांना सारखी लागावी. ती सगळी गादीवर बसलेल्या मुलीच्याच वाट्याला का?

कायदा काय म्हणतो? दुकाने व आस्थापनांसंबंधीचा महाराष्ट्राचा २०१७ चा कायदा साप्ताहिक सुटी, पगारी रजा, कामाचे तास ह्यांची हमी देतो. पण दहापेक्षा कमी माणसे असलेल्या जागांना त्याने बहुतेक कलमांतून मोकळे ठेवले, आणि २०२५ मध्ये राज्य सरकारने ती मर्यादा दहावरून वीसवर नेण्याचे ठरविले. भविष्यनिर्वाह निधी वीस माणसांपासून पुढे. प्रसूतीची २६ आठवड्यांची पगारी रजा दहा माणसांपासून पुढे. आमच्या ह्या सदनिकांतल्या केंद्रात चार, पाच, फार तर आठ माणसे. म्हणजे दाराशी आलेला प्रत्येक कायदा संख्या मोजून परत जातो. आणि ह्या धंद्यात बहुसंख्य स्त्रिया, त्याही ऐन विशी-तिशीतल्या! मूल होणार म्हटले की काम सोडावयाचे, दोन वर्षांनी पुन्हा नव्याने उमेदवारी. दुसऱ्यांच्या मुलांना वाढविण्यात तरबेज झालेल्या बाईला स्वतःच्या मुलासाठी चार महिन्यांची पगारी रजा मिळू नये, ह्यातली विसंगती कोणाला दिसत कशी नाही?

सरकारी नोकरीत तरी बरे असेल असे कोणी म्हणेल. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचा आरंभ ६ फेब्रुवारी २०१३ रोजी पालघर येथे झाला, आणि पालघर तेव्हा ठाणे जिल्ह्यातच होते. म्हणजे देशभरची ही योजना आपल्याच अंगणात सुरू झाली. शून्य ते अठरा वर्षांच्या मुलांची तपासणी करावयाची, आणि ज्यांना गरज आहे त्यांना जिल्ह्याच्या शीघ्र हस्तक्षेप केंद्रात पाठवावयाचे, अशी तिची रचना आहे. स्वमग्नताही तिच्या यादीत आहे. कल्पना उत्तम. परंतु ह्या अभियानातली माणसे कंत्राटी. राष्ट्रीय आरोग्य अभियानाचे कंत्राटी कर्मचारी कायम करण्याच्या मागणीसाठी २०२३ मध्ये आणि पुन्हा २०२५ मध्ये राज्यभर संपावर गेले होते, हे आपण वर्तमानपत्रांत वाचले असेल. शाळांचेही तेच. २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने स्वमग्न मुलांसाठी पाच मुलांमागे एक विशेष शिक्षक हे प्रमाण तात्पुरते म्हणून मान्य केले. पुढच्या वर्षी केंद्राच्या अधिसूचनेत ते प्राथमिक शाळेत दहांमागे एक झाले. आणि मार्च २०२५ मध्ये न्यायालयाला राज्यांना पुन्हा बजावावे लागले की, आधी पदे तरी मंजूर करा. कंत्राटावर वर्षानुवर्षे राबणाऱ्या शिक्षिकांचा प्रश्न त्याच खटल्यात पुढे आला आहे.

जागा रिकामी राहिली की ती कोणीतरी भरतेच. पंधरा दिवसांचा ऑनलाइन वर्ग केलेली, कधी तोही न केलेली मुलगी ‘थेरपिस्ट’ म्हणून बसविली जाते. तिला पगार निम्म्याहून कमी. भारतीय पुनर्वास परिषदेच्या १९९२ च्या कायद्याखाली येणाऱ्या शाखांत, म्हणजे वाचोपचार आणि विशेष शिक्षण ह्यांत, नोंदणीवाचून काम करणे गुन्हा आहे; त्याला एक वर्षापर्यंत कैद किंवा एक हजार रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. एक हजार रुपये! आजच्या हिशेबाने दोन सत्रांचेही शुल्क नाही. ह्यात दोष त्या मुलीचा मी मानत नाही. तिला कोणी शिकविलेले नसते, चुकली तर सांगणारे वरचे माणूस नसते, आणि मूल बिथरले की ती घाबरते. घाबरलेला माणूस हात उगारतो. मारहाणीच्या ज्या चित्रफिती अधूनमधून फिरतात आणि आपल्याला संताप आणतात, त्यांतल्या पुष्कळ खोल्यांची मागची कथा अशी असते. त्या मारण्याचे समर्थन नाही, शिक्षा झालीच पाहिजे. पण त्यानंतर होते काय, तर खोलीत कॅमेरा बसतो. कॅमेरा असावा, माझी ना नाही. मुलाला बोलता येत नाही तेव्हा कोणीतरी पाहत असले पाहिजे. मात्र कॅमेरा पाहतो, शिकवीत नाही. त्याच पैशात आठवड्यातून एक तास एखाद्या जाणत्या थेरपिस्टला बोलावून, ‘हे मूल माझ्या हाताबाहेर जाते, काय करू?’ असे विचारण्याची सोय करता आली असती. परदेशात अशी देखरेख शिक्षणाचाच भाग मानतात. आपल्याकडे ती चैन समजली जाते.

थकव्याचेही असेच. ‘बर्नआउट’ हा शब्द आता कचेरीतले साहेबलोक वापरतात, पण १९७४ साली हर्बर्ट फ्रॉइडेनबर्गर ह्यांनी तो लिहिला तेव्हा न्यूयॉर्कमधल्या एका मोफत दवाखान्यात राबणारी तळमळीची तरुण माणसे त्यांच्या डोळ्यांसमोर होती. तेल संपले तरी वात जळत राहावी तसे ते असते. लक्षणे साधी आहेत. रविवारी संध्याकाळी पोटात गोळा येतो, मूल आले नाही की बरे वाटते, आणि मग असे बरे वाटले म्हणून अपराधी वाटते. रात्री अकराला पालकाचा निरोप मोबाइलवर येतो, ‘मॅडम, आज परत आपटले डोके, काय करू?’ आई तरी कोणाला विचारणार? पण उत्तर देणारीलाही उद्या आठ वाजता गादीवर बसायचे असते.

शेवटी ज्याच्यासाठी हे सारे, त्याच्याकडे येऊ. दीड-दोन वर्षांत थेरपिस्ट कंटाळून जाते. मुंबईच्या मोठ्या रुग्णालयात, परदेशात, किंवा सरळ दुसऱ्याच धंद्यात. साध्या मुलाच्या वर्गाला नवीन बाई आल्या तर ते चार दिवसांत रुळते. स्वमग्न मुलाला माणूस बदलणे म्हणजे घर बदलण्यासारखे असते. ज्या हाताने झोका थांबतो तो हात बदलला, ज्या आवाजात ‘चालू’ ऐकले तो आवाज बदलला, की तीन-चार महिन्यांची कमाई पाण्यात जाऊ शकते. मूल पुन्हा दिव्याच्या बटणाशी. आई म्हणते, ‘त्याचे मागे गेले सगळे.’

ह्यावर काही ठिकाणी पालक आणि केंद्रे आपसांत ठरवून घेत आहेत, त्यातले काही उचलण्याजोगे आहे. सत्र चुकणार असेल तर आदल्या दिवशी कळवावयाचे, नाही तर निम्मे शुल्क द्यावयाचे आणि ते पूर्ण थेरपिस्टला जावयाचे. दर सत्रानंतर दहा मिनिटे मोकळी, आणि ती पगारात धरलेली. रात्री आठनंतर निरोप पाठवावयाचा नाही. डोके आपटून जखम झाली तर थेट डॉक्टरकडे. मे महिन्यासाठी किमान ठरावीक रक्कम. करारात ‘सल्लागार’ लिहिले असेल तर निदान वर्षाला बारा दिवस पगारी रजा त्याच कागदावर लिहून घ्यावयाची. त्याला कायदा आड येत नाही. आणि प्रत्येक मुलाची एक वही, जी केंद्राकडे न राहता घरी राहते. तिच्यात थेरपिस्टने लिहिलेले असते की कुकरची शिट्टी आधी सांगून द्यावी, डावीकडून हाक मारली तर वळतो, झोका तीनदा दिला की हात उचलतो, केस धरले तर मूठ दाबून धरावी. जाणारी थेरपिस्ट शेवटची चार सत्रे नव्या थेरपिस्टबरोबर एकत्र घेते, मुलाच्या एका बाजूला ही, दुसऱ्या बाजूला ती. आणि त्या चार सत्रांचे पैसे दोघींनाही मिळतात.